कंप्युटरला उकडतंय

पोकलेनचा एसी बिघडला की पहिलं निदान तो माणूस करतो, ज्याला त्या केबिनमध्ये कधीच बसायचं नसतं. निदानही ठरलेलं: "गॅस संपला." शेलारात हे सांगायला मशीनजवळ जावं लागत नाही. नदीनाक्यावर कटिंग हातात धरून, वाडा रोडवरचे कंटेनर मोजत, शेताच्या पार पलीकडे उभ्या असलेल्या मशीनचा गॅस संपल्याचं कुणीही सांगतो. एसीतला गॅस डिझेलसारखा जळतो, म्हणजे तो मधूनमधून भरावा लागणारच, ही इथली सर्वधर्मीय श्रद्धा आहे. श्रद्धा असली की तिच्यावर पोट भरणारी माणसंही तयार होतात. त्यांच्याकडे एक स्कूटर असते, पायाशी उभा केलेला सिलिंडर असतो आणि दोन घड्याळं बसवलेला एक पितळी ठोकळा असतो. त्या घड्याळांकडे ते कधी बघतात का, याची मला शंका आहे.

मी यातला जाणकार नव्हे. बँकेत कारकुनी केली. निवृत्त झाल्यावर दाजींच्या मशीनांचा हिशेब माझ्या गळ्यात आला, कारण दाजींच्या मते ज्याने जन्मभर दुसऱ्याचे पैसे मोजले त्याला पैशाची चव राहत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शेलारला त्यांचे लूम होते. धंदा बसत गेला तसे लूम भंगारात गेले, त्या पैशांत थोडे जमिनीचे मिसळले आणि आधी एक जेसीबी, मग चेनवाली पोकलेन आणि पाठोपाठ हायवा आले. वेळ चांगली साधली. भिवंडीभोवती गोदामं उभी राहत होती, ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब वर येत होते आणि तालुक्यातल्याच आमण्याला समृद्धी महामार्ग येऊन टेकायचा होता. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा 5 जून 2025 ला खुला झाला, तोवर तालुक्यात ज्याच्याकडे खोदणारं काहीही होतं त्याला सवड नव्हती. आताही भराव, प्लिंथ, नाले चालूच आहेत. थोडक्यात, आमच्याकडे सगळं भरपूर आहे आणि त्यात धूळ सगळ्यात भरपूर.

पोकलेनची केबिन ज्याने आखली त्याच्यापुढे एकच प्रश्न होता: आतल्या माणसाला बाहेरचं सगळं दिसलं पाहिजे. म्हणून समोर काच, बाजूला काच, वर काच. पाठीमागे इंजिन. जवळच हायड्रॉलिक तेलाची टाकी, जिला दुपारी हात लावून दाखवण्याची पैज कोणी घेत नाही. किनारपट्टीच्या भागात पारा 37 ला पोचला की हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतं. सपाटीच्या लोकांना त्यासाठी 40 अंश गाठावे लागतात. आपल्याला ही तीन अंशांची सवलत मिळते, कारण आपल्या हवेत घाम वाळत नाही. पण खात्याचा तापमापक सावलीत, जाळीच्या पेटीत, वारा खात असतो. ऑपरेटर काचेच्या पेटीत असतो आणि तीही एका जागी न थांबता गोल फिरत असते. दार उघडावं तर मुरूम आत येतो, लावावं तर प्राण बाहेर जातो.

आमचा ऑपरेटर झारखंडचा. बोलणं बेताचं. चैत्र लागल्यावर एकदा तो लॉगशीट द्यायला आला तेव्हा एवढंच म्हणाला, "साब, एसी हवा मारता है, ठंडा नहीं मारता." पुढची कितीतरी पानं खर्ची घालून मी जे सांगणार आहे, ते या वाक्यात संपूर्ण आलं होतं. ब्लोअर चालू आहे, म्हणजे वीज आहे. गारवा नाही, म्हणजे बिघाड पुढे कुठेतरी आहे. दाजींनी ते ऐकलं आणि म्हणाले, "आमचे टायमाला जेसीबीला दारच नव्हतं. वर ताडपत्री बांधून दिवस काढला." दाजींनी स्वतः जेसीबी कधी चालवलेला नाही, पण ताडपत्री त्यांनीच विकत आणली होती, त्यामुळे त्या दिवसांवर त्यांचा हक्क आहे.

तरी त्यांनी स्कूटरवाल्याला बोलावलं. स्कूटरवाला आला, त्याने सिलिंडर जोडला, फुस्स झालं, केबिनमध्ये हात घालून "घ्या, बर्फ!" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. खरोखरच गार लागत होतं. मात्र तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि शेलारात त्या वेळी बाहेरही गार लागतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेटर पुन्हा म्हणाला, हवा मारता है. स्कूटरवाला पुन्हा आला. तो नेहमी संध्याकाळीच येई. दिवसभर फार काम असतं म्हणे.

तिसरी पावती चिकटवताना माझ्यातला कारकून जागा झाला. जी वस्तू बंद नळीत कोंडलेली आहे, ती दर पंधरवड्याला संपते कशी? मग मी थोडं वाचलं, थोडं विचारलं. हा गॅस, आर 134ए, उघड्यावर उणे 26 अंशांनाच उकळतो. उकळायला त्याला उष्णता लागते आणि ती तो केबिनमधल्या हवेतून ओढून घेतो. एवढंच त्याचं काम. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबला की तो तापतो, आणि तापलेला गॅस कंडेन्सरच्या नळ्यांतून फिरवून केबिनमधली उष्णता बाहेरच्या हवेच्या पदरात टाकायची. बाहेर 40 अंश असले तरी ती घेते, कारण नळीतला गॅस 55 च्या आसपास असतो. पुन्हा पातळ झाला की पुन्हा आत. यात जळत काही नाही, संपत काही नाही. कमी झाला तर गळला. आणि गळला असेल तर आधी भोक शोधायचं की आधी भरायचं, हे कळायला बँकेत नोकरी करावी लागत नाही. मात्र कंडेन्सरवर धूळ बसली असेल तर उष्णता बाहेर जायला वाटच उरत नाही. दाब चढत जातो. अशा वेळी आणखी गॅस भरला तर तो आणखी चढतो, आणि मग दाबाचा स्विच घाबरून कॉम्प्रेसरचा क्लच सोडून देतो. म्हणजे दर खेपेला पैसे देऊन आम्ही एसी बंद पाडून घेत होतो.

मग चाचा आले. वंजारपट्टी नाक्याकडचे. आधी फ्रिज, मग गाड्या, मग मशीनं, अशी त्यांची बढती झालेली. ते सिलिंडर न घेता आले, तेव्हा सुई न देणाऱ्या डॉक्टरबद्दल गावाचं जे मत होतं तेच दाजींचं त्यांच्याबद्दल झालं. "गॅस भरायला आलात ना?" दाजींनी विचारलं. चाचा म्हणाले, "शेठ, गॅस चाय है क्या, जो ये पी गया?"

मशीन चालू करायला सांगून चाचा आधी नुसते ऐकत उभे राहिले. कॉम्प्रेसरचा क्लच लागतो तेव्हा टक् असा आवाज येतो. टक् आला. थोड्या वेळाने पुन्हा टक्. मग पुन्हा. "लग रहा है, छूट रहा है," ते म्हणाले. घड्याळं जोडली. गार बाजूचं घड्याळ ठीक तिसाच्या घरात असावं, तापलेल्या बाजूचं 200 ते 250 पौंडांत. आमचं तापलेलं घड्याळ सरळ वर निघालं होतं. चाचांनी बाजूचं झाकण उघडलं आणि रेडिएटरपुढचा कंडेन्सर मला दाखवला. मला कंडेन्सर दिसलाच नाही. एक राखाडी गादी दिसली. खाली मुरूम आणि त्यावर पॉवरलूमच्या शेडमधून उडून आलेली रुई, एकावर एक, व्यवस्थित. दाजींनी लूम विकले होते, पण शेजाऱ्यांचे चालू होते. स्कूटरवाल्याने एकदा "सर्व्हिस" म्हणून समोरून पाण्याचा जोरदार फवारा मारला होता, त्याने ती गादी आत ठासून बसली होती आणि पत्र्याच्या नाजूक पट्ट्याही आडव्या झाल्या होत्या. हवा ज्या दिशेने आत शिरते त्याच्या उलट दिशेने, आतून बाहेर फुंकायचं असतं. चाचांनी एअर कॉम्प्रेसरने तसं फुंकलं. पुढची पाच मिनिटं आमच्यातला कोणीच कोणाला दिसला नाही. धूळ बसली तेव्हा दाजी पांढरे झाले होते आणि पहिल्यांदाच गप्प होते.

गळतीही निघाली. पोकलेन दिवसभर हादरत असते, ब्रेकर लावला तर दातही हलतात, मग रबरी नळ्यांचे सांधे कसे टिकणार? जिथे तेलकट धूळ चिकटलेली दिसते तिथे बघायचं, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही पाझरतं. चाचांनी साबणाचा फेस लावला, सांध्याने फुगे काढून कबुली दिली. काही रुपयांची रबरी ओ-रिंग. तिच्यापायी आम्ही गॅसवाल्याच्या घरचा हप्ता भरत होतो. आत उरलेला गॅस हवेत न सोडता चाचांनी ओढून सिलिंडरमध्ये घेतला. सिलिंडर रिक्षात होता; नुसता आधी दाखवायचा नव्हता. हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या 1,430 पट तापवतो आणि 2016 च्या किगाली करारात तो हळूहळू कमी करायचं जगाने ठरवलं आहे, हे मी दाजींना सांगितलं. दाजींनी कराराची चौकशी केली नाही. एवढंच विचारलं की मग स्कूटरवाला दर खेपेला फुस्स करायचा, त्याचा दंड आपल्याला बसेल का.

ड्रायर बदलून व्हॅक्यूम पंप लावला. हा पंप अर्धा-पाऊण तास नुसता घुरघुरत राहतो. आतली हवा आणि ओल काढून टाकतो, कारण पाण्याचा थेंब राहिला तर तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतो आणि तेलात मिसळून ॲसिड करतो. दाजी बराच वेळ पंपाकडे बघत होते.

"काय करतंय ता?"

"हवा काढतोय."

"हवा काढायचे पैसे?"

"हो."

"आन गॅस भरायचे वेगळे?"

"वेगळे."

दाजी खुर्ची घेऊन आले आणि पंपासमोर बसले. पैसे पडताहेत तर बघून तरी घेऊ. मधल्या वेळात चाचा सहज म्हणाले की हा एसी डेढ़ टनाचा आहे. दाजी ताडकन उठले. दीड टन वजन मशीनवर कोणी, कधी आणि कुणाला विचारून चढवलं? मी समजावलं की एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता खातो तेवढा एक टन. बर्फाच्या व्यापाराच्या काळातलं माप आहे. आपल्या मुंबईतही 1834 साली अमेरिकेहून जहाजाने बर्फ आला होता, जमशेटजी जीजीभॉय यांनी जेवणावळीला आइस्क्रीम ठेवलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, असं सांगतात. दाजींना यातला दीड टन कळला की नाही कोण जाणे. "बघ!" ते ऑपरेटरकडे वळून म्हणाले, "जमशेटजींला सर्दी जाली, तू कोण?"

गॅस तोलून भरला. अंदाजाने नाही, काट्यावर ठेवून, मशीनच्या स्टिकरवर छापलाय तेवढाच. क्लच एकदाच टक् वाजला आणि धरून राहिला. घड्याळं जागेवर. एक नळी गार, एक नळी चटका देणारी. सगळं पुस्तकाप्रमाणे. आणि केबिनमध्ये कोमट. चाचांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जो आनंद बघितला तो मला आजही उलगडलेला नाही. बहुधा सोप्या मशीनचा त्यांना कंटाळा येत असावा. त्यांनी सीटमागे हात घातला, एक जाड नळी चाचपली आणि म्हणाले, "हीटर चालू है।"

शेलारात हीटर! थंड मुलखात वापरायच्या मशीनला इंजिनातलं उकळतं पाणी केबिनमध्ये फिरवायची सोय असते. ही मशीनं जगभर एकाच साच्यातून निघतात, म्हणून ती सोय आमच्याही नशिबी आली. पाण्याचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकला होता, त्यामुळे त्याच पंख्यापुढे एकीकडे बर्फाची तयारी चालू होती आणि दुसरीकडे चहाची. व्हॉल्व्ह उघडला कोणी? ऑपरेटर पायांकडे बघू लागला. थोड्या आग्रहानंतर कळलं की पौष महिन्यात तो दुपारी हीटर लावून वाऱ्याच्या झरोक्यापुढे डबा ठेवायचा. पोळ्या गरम व्हायच्या. मला हा उपयोग अत्यंत योग्य वाटला. चाचांनाही वाटला. दाजींनी मात्र त्या पोळ्यांना डिझेल किती लागलं असेल ते मला काढायला लावलं.

ऑपरेटर अगदीच निष्पाप आहे असंही नाही. या केबिनमध्ये हवेचा दाब बाहेरपेक्षा जरा जास्त ठेवलेला असतो, म्हणजे फटीतून वारा बाहेर जातो आणि धूळ आत शिरत नाही. त्यासाठी दार लागायला हवं, दाराचं रबर शाबूत हवं आणि फिल्टर स्वच्छ हवेत. फिल्टर दोन असतात, एक बाहेरची हवा गाळणारा, एक आतली. आमच्याकडे आतला निघाला. बाहेरच्याच्या जागी एक जुनी बनियन व्यवस्थित घडी घालून बसवली होती. फिल्टर कुठे गेला हे कुणालाच आठवत नव्हतं. बनियन कुणाची हे सगळ्यांना माहीत होतं. शिवाय डंपरवाल्याशी बोलायला दार उघडं, फोनला रेंज यावी म्हणून दार उघडं आणि तंबाखूची पिंक टाकायला तर दार उघडं ठेवलंच पाहिजे. कूलिंग कॉइलमधून पाणी बाहेर नेणारी बारकी नळीही चिखलाने बुजली होती, त्यामुळे ते पाणी पायावर ठिबकायचं. ऑपरेटरला वाटायचं, ठिबकतंय म्हणजे एसी जोरात चाललाय.

आता आलं बिल. कंडेन्सर, ओ-रिंग, ड्रायर, हीटरचा व्हॉल्व्ह, खरा फिल्टर, व्हॅक्यूम, गॅस, मजुरी. दाजींनी बिल एकदा वाचलं, उलटं करून मागे काही आहे का बघितलं, आणि व्हॉल्व्ह-फिल्टरला हरकत घेतली. इतकं गार झालं तरी पुरे. मला वाटलं, इतिहासाचा उपयोग होईल. मी म्हटलं, दाजी, हे यंत्र माणसाच्या ऐषारामासाठी निघालंच नाही. 1902 मध्ये विलिस कॅरिअरने पहिलं बनवलं ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी, दमट हवेत कागद फुगून रंग सरकत होते म्हणून. आणि 1906 मध्ये त्याला एअर कंडिशनिंग हे नाव दिलं स्टुअर्ट क्रेमरने, तो तर कापडगिरण्यांचा इंजिनियर. कोरड्या हवेत सूत तुटू नये म्हणून गिरणीच्या हवेत ओल सोडायची त्याची विद्या. सूत म्हटल्यावर दाजींचा चेहरा बदलला. "मंग बरोबर हाय," ते म्हणाले. "थंडीत आमचे शेडमध्ये तार तुटायची. जमिनीवर पाणी मारायचो." थोडा विचार करून पुढे म्हणाले, "सुताचा वेगळा. माणूस काय तुटत नाय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे कायदा होता, तोही सांगून बघितला. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. दाजींनी दोनच प्रश्न विचारले. आपल्या हायवा त्याआधीच्या ना? आणि त्यात पोकलेन लिहिलंय का? नव्हतं लिहिलेलं. ट्रक वेगळा आणि बांधकामाची मशीन वेगळी, असं सरकारी कोष्टकच आहे. कोष्टकं वाचण्यात दाजींच्या मानाने मी कच्चा आहे.

तेव्हा चाचा हात पुसत पुसत केबिनमध्ये चढले आणि त्यांनी सीटच्या मागचं झाकण काढून दाजींना आत बोलावलं. आत एक काळा डबा होता, त्यातून वायरींचा गठ्ठा निघाला होता. "शेठ, ये कंप्युटर है। पूरा मशीन इसपे चलता है। गरमी और धूल, दोनों इसके दुश्मन।" किती किंमत, दाजींनी विचारलं. चाचांनी सांगितली. दाजी जिथे उभे होते तिथेच ऑपरेटरच्या सीटवर बसले. तिथे ते पहिल्यांदाच बसत होते. काचेतून ऊन थेट डोक्यावर येत होतं. थोड्या वेळाने त्यांनी टोपीने वारा घेतला आणि म्हणाले, "व्हॉल्व्ह टाका. फिल्टर पण टाका. चांगला टाका."

चाचा खोटं बोलले नव्हते. धुळीने आणि उष्णतेने तो डबा खरंच बिघडू शकतो. फक्त तो तिथे तसाच बसायला बनवलेला असतो आणि आमच्या ऑपरेटरपेक्षा कितीतरी जास्त सोसतो, एवढं त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. आता साइटवर नियम आहे: दार लावा, कंप्युटरला धूळ लागते. पिंक बाहेर, दार मिनिटात बंद, कंप्युटर तापतो. दर आठवड्याला कंडेन्सर आतून बाहेर फुंका. ऑपरेटर आता दुपारी गारव्यात बसून काम करतो आणि कुणी विचारलंच तर अदबीने सीटमागे बोट दाखवतो.

पावसाळ्यात भरावाची कामं थांबली आणि मशीन अंगणाशेजारी उभी राहिली. जाताना चाचांनी सांगितलं होतं की बंद हंगामातही एसी आठवड्यातून दहा मिनिटं चालवा, नाहीतर कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळत नाही, ते सुकतं आणि गॅस गळतो. ऑपरेटर गावी गेलेला. हे काम दाजींनी स्वतःकडे घेतलं. रविवारी जेवण झालं की ते छत्री घेऊन केबिनमध्ये चढतात. पाऊस थांबला की दमट उकाडा असतो, घरात पंखा असतो आणि ताई असते.

महिनाअखेर हिशेब लावताना मी तासांचं मीटर बघितलं. उभी मशीन चांगलीच पुढे गेली होती. दहा मिनिटांचा हिशेब कुठेच बसेना. मी दाजींना विचारलं, हे डिझेल कुठल्या खात्यात दाखवू?

"कंप्युटर," दाजी म्हणाले.